पत्ता कुठून मोजायचा?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग पाहुणे, मग आणखी काही. असो.

आज विषय जरा वेगळा आहे. तीस-बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, आजही इतिहासच सांगणार आहे, पण तो संगणकाच्या पोटातल्या एका छोट्याशा गोष्टीचा. एखादा प्रोग्रॅम चालू झाला, की त्याला लागणाऱ्या बाकीच्या वस्तू तो शोधतो कशा? "तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" असं कुणाच्या मनात आलं, तर माझं उत्तर तयार आहे. शाहिस्तेखानाची बोटं तुटली तेव्हा तरी मी लाल महालात कुठे होते? :-)

निमित्त झालं आईच्या कॅसेटचं. १९८४ साली आई महिनाभर आमच्याकडे राहायला आली होती. ह्यांनी तेव्हा नुकताच टेपरेकॉर्डर घेतला होता. एका सकाळी आईला जात्यापाशी बसवून तिच्या ओव्या त्यावर भरून घेतल्या. जातं तेव्हा घरात नावापुरतंच उरलं होतं, दळण गिरणीतूनच यायचं. पण आई म्हणाली, जातं फिरल्याशिवाय मला ओवी आठवायची नाही. म्हणून मूठभर ज्वारी घातली आणि ती दळत दळत गायली. १९९१ साली आई गेली. तिचा आवाज म्हणून आमच्याकडे आहे तो एवढाच, चाळीसेक मिनिटांचा.

कॅसेट जुनी होऊन खरखरायला लागली, तेव्हा भाच्याने ती संगणकावर उतरवून दिली. आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये त्याने एक प्लग-इन बसवला. प्लग-इन म्हणजे काय, तर मूळ प्रोग्रॅमला बाहेरून जोडलेलं एक अवजार. मिक्सर एकाने करावा आणि खोबरं किसायचं भांडं दुसऱ्या कुणी, तसं. कुणा हौशी माणसाने तयार करून फुकट वाटलेलं होतं ते. त्याने खरखर कमी व्हायची आणि आई जरा जवळ यायची. रोज दहा-पंधरा मिनिटं बसून मी एकेक ओवी वहीत उतरवून घेत होते.

मग मुलीने नवा मॅक संगणक आणला. सगळं नव्यात उतरवलं. प्रोग्रॅम उघडला, आईचा आवाज उघडला, आणि खरखर काढणारं अवजार यादीत नाहीच! फाइल जागेवर होती, पण प्रोग्रॅम जणू तिला ओळखच देत नव्हता. पंचवीस ओव्या उतरवून झाल्या होत्या, निम्म्याहून जास्त राहिल्या होत्या.

सुट्टीत नातू आला तेव्हा त्याच्यापुढे हे गाऱ्हाणं मांडलं. त्याने ती काळी खिडकी उघडली, काहीतरी टंकलं आणि म्हणाला, "आजी, प्लग-इन आहे, पण त्याला लागणारी एक लायब्ररी नाहीये. हे बघ, कुठे शोधलं तेही लिहून ठेवलंय त्याने." पडद्यावर एक मोठा थोरला पत्ता होता आणि त्यापुढे शेरा, अशी फाइल नाही. मला पोस्टमनची आठवण झाली. परत आलेल्या पाकिटावर ते लिहीत ना, 'या पत्त्यावर राहत नाहीत'. अगदी तसं.

"अरे, पण लायब्ररी म्हणजे पुस्तकांची ना?" मी विचारलं. त्याने जे सांगितलं त्याने कुतूहल चाळवलं, आणि पुढचे पंधरा दिवस मी त्याला भंडावून सोडलं. जे समजलं ते माझ्या शब्दांत लिहिते.

लायब्ररी हा शब्द तिथे उपमा म्हणून आला नाही, तिथे खरोखरीचं कपाट होतं. इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या देखरेखीखाली एडसॅक नावाचा संगणक बांधला गेला आणि ६ मे १९४९ रोजी त्याने पहिला प्रोग्रॅम चालवला. लवकरच लक्षात आलं, की वर्गमूळ काढणं, आकडे छापणं, असली कामं जो तो पुन्हा पुन्हा लिहितो आहे. मग अशी नेहमीची कामं कागदी पट्ट्यांवर भोकं पाडून एकदाच तयार केली आणि पट्ट्या कपाटात ठेवल्या. ज्याला जी हवी ती त्याने काढावी, तिची नक्कल आपल्या पट्टीत उतरवावी आणि मूळ पट्टी जागेवर ठेवावी. हीच पहिली लायब्ररी. विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल या तिघांनी १९५१ साली यावर पुस्तकही काढलं.

पण एक अडचण होती. पट्टीवरच्या आज्ञेत 'अमुक क्रमांकाच्या घरात जा' असं लिहिलेलं असायचं. आता तीच पट्टी एकाच्या प्रोग्रॅममध्ये शंभराव्या घरापासून बसणार आणि दुसऱ्याच्या तीनशेव्या. मग घरक्रमांक लिहायचा कुठला? व्हीलर तेव्हा अगदी तरुण होता. त्याने युक्ती काढली, की पट्टीत घरक्रमांक लिहायचा तो पट्टीच्या सुरुवातीपासून मोजून. पट्टी आत घेताना यंत्रच त्यात सुरुवातीचा क्रमांक मिळवील. थोडक्यात, 'गावातलं तीनशे सातवं घर' म्हणायचं नाही, 'माझ्यापासून सातवं घर' म्हणायचं. हे वाक्य लक्षात ठेवा मंडळी, आपल्या गोष्टीचा सगळा जीव त्यात आहे.

पुढे कितीतरी वर्षं पद्धत हीच राहिली. प्रत्येक प्रोग्रॅमने लागेल त्याची नक्कल पोटात बाळगायची. लग्नाला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने आपापलं पातेलं, पळी आणि परात बरोबर आणावी, तसंच हे. आपल्याकडे खेड्यांत यावर तोड होती, ती म्हणजे गावकीची भांडी. देवळात सामाईक भांडी असायची, ज्याच्याकडे कार्य असेल त्याने न्यावीत. संगणकातही असं का करू नये? एकच प्रत ठेवावी आणि सगळ्यांनी वापरावी. जागा वाचेल, आणि भांड्याला कल्हई केली की ती सगळ्यांनाच मिळेल.

हा विचार पुरता मांडला मल्टिक्स नावाच्या यंत्रणेने. अमेरिकेतली एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मिळून ती हाती घेतली, आणि १९६५ साली एका परिषदेत तिच्यावरचे निबंध वाचले गेले. मल्टिक्समध्ये प्रोग्रॅमने दुसऱ्याचं फक्त नाव लिहून ठेवायचं. प्रत्यक्ष हाक मारायची वेळ आली, की यंत्रणा थांबे, त्या नावाची वस्तू शोधे, गाठ बांधून देई आणि पुढे जाई. शोधायचं कुठे याचेही नियम ठरलेले होते. जी नावं आधीच माहीत झाली आहेत ती पहिल्यांदा बघायची. मग ज्याने हाक मारली तो स्वतः ज्या कप्प्यात राहतो तो कप्पा. मग काम करणारा माणूस ज्या कप्प्यात बसला आहे तो, आणि शेवटी यंत्रणेची सामाईक लायब्ररी. यातला दुसरा नियम बघा. हाक मारणाऱ्याच्या शेजारी बघा! पुढच्या लोकांना हे शहाणपण पुन्हा नव्याने शिकावं लागलं. इतिहासात हे नेहमीच होतं म्हणा. मल्टिक्स चालवणारं शेवटचं यंत्र कॅनडात होतं, ते ३० ऑक्टोबर २००० रोजी बंद झालं.

मधल्या काळात युनिक्स आलं. ते सुटसुटीत होतं, त्यामुळे पुन्हा ज्याची त्याची भांडी. १९८०च्या दशकात पडद्यावर चित्रं आणि खिडक्या आल्या, प्रोग्रॅम फुगले, तेव्हा सामाईक भांड्यांची आठवण झाली. सन कंपनीच्या चार अभियंत्यांनी १९८७ साली यावर निबंध लिहिला आणि १९८८च्या सनओएस ४.० मध्ये ती सोय आली. तिथे प्रोग्रॅमला लायब्ररीचं नाव माहीत असे, ठरलेल्या काही कप्प्यांत ती शोधली जाई, शिवाय वापरणाऱ्याला आपली वेगळी यादीही देता येई. पुढे सनच्याच सोलॅरिसमध्ये 'ओरिजिन' असा एक शब्द आला. 'ही फाइल जिथे आहे तिथून' असा त्याचा अर्थ. लिनक्सनेही तो घेतला.

विंडोजमध्ये सामाईक लायब्ऱ्या १९८५च्या पहिल्या आवृत्तीपासून होत्या, त्यांना डीएलएल म्हणतात. तिथे वेगळीच पंचाईत झाली. नवा प्रोग्रॅम बसवताना तो सामाईक कप्प्यातली लायब्ररी काढून त्याच नावाची आपली ठेवायचा, आणि जुने प्रोग्रॅम आडवे व्हायचे. लोकांनी याला 'डीएलएल नरक' असं नावच ठेवलं. दुसरी गोष्ट म्हणजे शोधायच्या जागांमध्ये 'सध्या उघडा असलेला कप्पा' बराच वर होता. तिथे कुणी त्याच नावाची खोटी लायब्ररी ठेवली तर तीच उचलली जायची. २००४ साली एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये हा कप्पा यादीत खाली ढकलला, तरी २०१० साली याच वाटेने होणाऱ्या हल्ल्यांचा पुन्हा गवगवा झाला. पत्ता शोधायचा क्रम ही कारकुनी बाब वाटते, पण घराची कडी त्यातच असते.

आता आपल्या मॅककडे येते. स्टीव्ह जॉब्ज १९८५ साली ॲपलमधून बाहेर पडले आणि त्यांनी नेक्स्ट कंपनी काढली. तिच्या नेक्स्टस्टेप या यंत्रणेत बंडल नावाची एक छान कल्पना होती. बंडल म्हणजे गाठोडं. असतो कप्पाच, आत प्रोग्रॅम, चित्रं, लायब्ऱ्या सगळं, पण वापरणाऱ्याला दिसते एकच वस्तू. उचला आणि दुसरीकडे ठेवा. १९९६च्या डिसेंबरात ॲपलने नेक्स्ट विकत घ्यायचं ठरवलं, आणि तिच्या पायावर उभी राहिलेली मॅक ओएस टेन २४ मार्च २००१ रोजी बाजारात आली. गाठोडीही बरोबर आली. आईच्या आवाजासाठीचा तो प्लग-इनही असंच एक गाठोडं.

मॅकची पद्धत अशी, की प्रत्येक लायब्ररीच्या कपाळावर तिचा स्वतःचा पत्ता लिहिलेला असतो. प्रोग्रॅम बनवताना तो पत्ता जसाच्या तसा प्रोग्रॅममध्ये उतरवला जातो. प्रोग्रॅम चालू झाला, की डीवायएलडी नावाचा एक हरकाम्या ते पत्ते वाचतो आणि दारोदार जाऊन लायब्ऱ्या गोळा करतो. पत्ता संगणकाच्या मुळापासून पुरा लिहिला असेल, तर लायब्ररी तिथेच हवी. सामाईक लायब्ऱ्यांना हे ठीक आहे. पण गाठोड्यातून नेलेल्या लायब्ररीचं काय? गाठोडं कुठे ठेवलं जाईल हे आधी कुणाला ठाऊक?

यासाठी एक खूण होती, '@एक्झिक्युटेबल_पाथ'. तिचा अर्थ 'मुख्य प्रोग्रॅम जिथे राहतो तिथून मोजा'. प्रोग्रॅमच्या स्वतःच्या लायब्ऱ्यांची सोय झाली. पण प्लग-इनची नाही, कारण प्लग-इन हा पाहुणा. मुख्य प्रोग्रॅम यजमान. समजा, पाहुणी आली आहे आणि पाठीच्या दुखण्याने तिला उठवत नाही. ती म्हणाली, "खालच्या कप्प्यात माझं औषध आहे, द्या हो." आणि आपण आपल्या कपाटाचा खालचा कप्पा उपसत बसलो! तिला म्हणायची होती तिची स्वतःची पेटी. प्लग-इनने त्या खुणेने पत्ता दिला, की हरकाम्या यजमानाच्या घरात शोधतो, आणि प्लग-इनचं सामान पडलेलं असतं भलतीकडेच.

२००५ साली टायगर नावाच्या १०.४ आवृत्तीत '@लोडर_पाथ' ही खूण आली. 'ज्याला लायब्ररी हवी आहे, तो स्वतः जिथे आहे तिथून मोजा.' हाक मारणाऱ्याच्या शेजारी बघा, म्हणजे मल्टिक्सचंच सूत्र. आता प्लग-इन म्हणू शकतो, की 'माझ्यापासून एक पायरी वर जा, तिथे फ्रेमवर्क्स नावाचा कप्पा आहे, त्यात बघा'. गाठोडं कुठेही ठेवा, बिघडत नाही. दोन वर्षांनी, २००७ साली लेपर्डमध्ये '@आरपाथ' आली. त्यात लायब्ररी स्वतःचा पूर्ण पत्ता सांगत नाही. वापरणारे आपल्याकडे शोधायच्या जागांची यादी ठेवतात आणि हरकाम्या ती ओळीने पाहतो. लायब्ररी बनवणाऱ्याने दुसऱ्याच्या घराचा पत्ता ठरवू नये, हा त्यातला विनय मला आवडला.

पुढे चोरांच्या भीतीने नियम कडक होत गेले. २०१५च्या एल कॅपिटन आवृत्तीपासून, यंत्रणेच्या संरक्षित प्रोग्रॅमना बाहेरून शोधयादी देण्याची वाट बंद झाली. गाठोड्यावर सही हवी, आत काही बदललं तर ती मोडते. २०२०च्या बिग सरमध्ये तर गंमतच झाली. यंत्रणेच्या स्वतःच्या लायब्ऱ्या वेगवेगळ्या फाइली म्हणून डिस्कवर राहिल्याच नाहीत, सगळ्या एका मोठ्या साठ्यात बांधल्या गेल्या. पत्ते मात्र जुनेच. त्या पत्त्यावर जाऊन बघितलं तर काही नाही, पण हरकाम्याला विचारलं तर तो साठ्यातून बरोबर काढून देतो. धरणाखाली गेलेल्या गावांची नावं सातबाऱ्यावर आणि माणसांच्या तोंडी राहतात, तसं वाटलं मला.

तर आमच्या प्लग-इनचं काय झालं होतं? नातवाने 'ओटूल' नावाच्या अवजाराने त्यातले पत्ते वाचून दाखवले. बाकी सगळे यंत्रणेचे होते, एक मात्र '/यूएसआर/लोकल/लिब' या कप्प्यातला. माणसं आपल्या सोयीने वेगळ्या लायब्ऱ्या बसवतात तो हा कप्पा. बनवणाऱ्याच्या संगणकावर तिथे ती लायब्ररी होती, म्हणून त्याचं काम चाललं. आमच्या जुन्या संगणकावर भाच्याने दुसऱ्याच कशासाठी तरी तीच लायब्ररी बसवली होती, म्हणून आमचंही चाललं. सहा वर्षं आम्ही एका योगायोगावर आईला ऐकत होतो आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता! नव्या संगणकात तो योगायोग नव्हता, इतकंच.

बनवणाऱ्याचा मला राग आला नाही. फुकट दिलं होतं बिचाऱ्याने. आणि ही चूक आपण सगळेच करतो. लहानपणी आमच्याकडे कुणी रस्ता विचारला, की आजोबा सांगायचे, "आपल्या आंब्यापासून उजवीकडे वळा." आपला आंबा परगावच्या माणसाला कसा माहीत असणार, हे त्यांच्या मनातही येत नसे. शिकवताना मीही हेच केलं असेल. 'मागच्या वर्षी बघितलंच आहे आपण' म्हणून पुढे गेले असेन, आणि मागच्या वर्षी दुसऱ्या शाळेत असलेलं पोर गप्प बसून राहिलं असेल. त्या प्लग-इनसारखंच, यादीतून गायब. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, आता ते सारखं मनात येतं.

दुरुस्ती अर्ध्या तासाची निघाली. नव्या यंत्राला चालेल अशी ती लायब्ररी नातवाने मिळवली आणि गाठोड्यातल्या फ्रेमवर्क्स कप्प्यात ठेवली. मग एका अवजाराने लायब्ररीच्या कपाळावरचा पत्ता बदलला आणि प्लग-इनमधला जुना पत्ता खोडून तिथे '@लोडर_पाथ'ने सुरू होणारा नवा घातला. नवा पत्ता जुन्यापेक्षा लांब असेल, तर तो मावायला बनवणाऱ्याने आधीच मोकळी जागा सोडलेली लागते म्हणे. सुदैवाने तेवढी होती. (वहीत समास का सोडायचा, हे मी जन्मभर सांगत आले!) शेवटी नव्याने सही, आधी आतल्या लायब्ररीवर आणि मग गाठोड्यावर. प्रोग्रॅम उघडला तर अवजार यादीत हजर.

आईचा आवाज लावला. खरखर खाली गेली, जात्याची घरघर वर आली, तिच्या बांगड्या वाजल्या. मधे कुणीतरी "चहा ठेवू का?" असं विचारतं, ती मीच आहे, चौतीस वर्षांची. नातू ऐकत बसला होता. म्हणाला, "पणजी सगळं माहेराबद्दलच गातेय का गं?"

खरंच की. तिच्या ओव्यांत माहेरची वाट येते ती अशीच, जात्यापासून. इथून किती कोस, मधे कुठली नदी, कुठल्या झाडाखाली भाऊ उभा. दळणारी बाई बसली आहे तिथून सगळं मोजलेलं. सासरच्या घराचा पत्ता त्यात कुठेच नाही.

आता ओव्या उतरवण्याचं काम पुन्हा चालू केलं आहे. सदतीस झाल्या. अठ्ठाविसाव्या ओवीत एक शब्द अजून लागत नाही. गावाचं नाव असावं असं मला वाटतं, धाकटी बहीण म्हणते की माणसाचं आहे. खरखर काढूनही उलगडत नाही. नातेवाईक मंडळींना आवाजाची फाइल पाठवते आहे. मावशी, तुम्ही मुद्दाम ऐका. आईबरोबर त्या जात्याला हात लावलेल्या आता तुम्ही एकट्याच आहात. फोनवर सांगितलंत तरी चालेल, मी लिहून घेईन.